झडती घेतली जावयाची, गंडवलं भलत्यानेच

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये मी चौतीस वर्षं काढली. इंडिया सिक्युरिटी प्रेस. पोस्टाची तिकिटं आणि देशाचे पासपोर्ट छापतात ती. माझं काम तपासणीचं. एखाद्या तिकिटावर रंग केसभर सरकला की शीट बाजूला. आजही घरात कुणी नवी नोट आणली तर मी आधी ती उजेडात धरतो. सौ. त्यावरून चिडवते. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचताना कुणीही म्हणेल की म्हातारा भोळा असणार. भोळा नव्हतो. शहाणपणा भलतीकडे खर्च केला, एवढंच.

मुलगी त्र्यंबक रोडला एका योगवर्गात परदेशी विद्यार्थ्यांचं कामकाज बघायची. २०२३च्या पावसाळ्यात महिनाभराच्या कोर्सला आलेला कॅनडाचा एक माणूस परत गेला, पण फोन थांबले नाहीत. दिवाळीत तिने सांगून टाकलं. तिचं वय बत्तीस, त्याचं सदतीस. गाव हॅलिफॅक्स, धंदा सुतारकाम. आधीचं लग्न मोडलेलं.

घटस्फोटित सुतार, तोही गोरा. सौ. दोन दिवस धड जेवली नाही. मी कामाला लागलो. परदेशी नवऱ्यांच्या भानगडी आपण वाचतोच. न बघितलेल्या ‘डॉक्टर’साठी बायका लाखो रुपये पाठवतात, मग कस्टमच्या नावाने फोन येतात. म्हणून मी त्याच्याकडून सगळं मागवलं. पासपोर्टचं प्रत्येक पान. घटस्फोटाचा कोर्टाचा कागद. तीन वर्षांचे कराचे कागद. तिकडे कर खातं दर वर्षी ‘नोटीस ऑफ असेसमेंट’ पाठवतं, ते. कॅनडातच मिसिसागाला असलेल्या भाच्याला त्याच्या मालकाकडे फोन करायला लावला. पाचव्या दिवशी सगळं आलं, वर ‘आणखी काही हवं असेल तर सांगा’ अशी ओळ. मला त्या ओळीचाच संशय आला.

डिसेंबरात तो स्वतः आला. दहा दिवस राहिला. आमच्या न्हाणीघराचं दार सहा वर्षं घासत होतं, ते त्याने न विचारता उतरवलं, रंधा मारला, परत बसवलं. सौ. त्या दिवशी पाघळली. मी म्हटलं, जरा जास्तच चांगला वागतोय.

मुलीचं म्हणणं सरळ होतं. लग्न इथेच रजिस्टर पद्धतीने करू, मग तो मला बोलावून घेईल. मला ते पटेना. लग्न लागलं आणि व्हिसा नाही मिळाला तर? ना इकडची ना तिकडची. आधी व्हिसा, मग अक्षता, असा माझा हट्ट. त्या हट्टापायी आम्ही कॉलेज रोडच्या त्या ऑफिसात जाऊन बसलो.

नाव सकाळी फिरायला येणाऱ्या एका मित्राने सुचवलं होतं. त्याच्या साडूच्या मुलाचं काम ‘झालं’ होतं म्हणे. काय काम, कुठलं, कधी, हे मी विचारलं नाही. होणाऱ्या जावयाच्या मालकाला फोन लावणारा मी! काचेचं दार, आत गणपती, शेजारी मेपलच्या पानाचा झेंडा. भिंतीवर दोन फ्रेमा, एकीवर भारत सरकार. पुढे कळलं की एक शॉप ॲक्टचा कागद होता आणि दुसरी उद्यम नोंदणी, छोट्या धंद्यांची. ती कुणीही घरबसल्या, फुकटात, स्वतःच माहिती भरून काढू शकतो. व्हिसाच्या कामाशी दोन्हींचा काही संबंध नाही.

माणूस चाळिशीचा. खुर्चीवरून उठून पाया पडला. ‘काका, तुम्ही प्रेसचे? माझे मामा प्रेसलाच होते.’ कुठल्या सेक्शनला, हेही मी विचारलं नाही. म्हणाला, इथे लग्न म्हणजे नोटिशीचा महिना, परदेशी माणसाचे दाखले, नसती कटकट. आपण ताईंचा फियान्से व्हिसा काढू, लग्न ठरलेल्या मुलीचा. तिकडे जायचं, नव्वद दिवसांत लग्न करायचं, विषय संपला. माझ्या मनातलंच बोलला.

कॅनडात फियान्से व्हिसा नावाचा प्रकारच नाही. पूर्वी होता. २००२ साली त्यांचा नवा कायदा आला तेव्हा तो वर्ग काढून टाकला. नव्वद दिवसांत लग्नाची अट आहे ती अमेरिकेच्या के-वन व्हिसाला. या गृहस्थाने अमेरिकेचा नियम उचलून कॅनडाच्या झेंड्याखाली विकला.

पैसे कसे गेले ते सांगतो. फाइल उघडायचे ११ हजार. नंतर ५० हजार रोख. मग ‘लीगल’चे १ लाख ४० हजार, ते कुठल्याशा ट्रेडर्सच्या चालू खात्यावर. मग ‘मुलगा सुतार आहे, उत्पन्न कमी धरतात, गॅरंटी डिपॉझिट भरावं लागेल, नंतर परत मिळतं’ म्हणून १ लाख ९० हजार. शेवटी मेडिकलचे ३५ हजार. एकूण ४ लाख २६ हजार. पावती एकच, पहिल्या अकरा हजारांची, तीही ‘फाइल चार्जेस’ एवढंच लिहिलेली. डिपॉझिटचा प्रकार तर निव्वळ थाप. बायकोला बोलावणाऱ्या नवऱ्याला तिथे सहसा किमान उत्पन्नाची अटसुद्धा नसते, मग हमीची रक्कम कसली?

आणि हे सगळं मला तेव्हाच सांगणारा माणूस होता. मार्चमध्ये होणारा जावई मुलीला फोनवर म्हणाला, आमच्याकडे असा व्हिसा नसतो. मी एजंटला विचारलं. तो हसला. ‘काका, तिथल्या सुताराला व्हिसाचे नियम काय माहीत? तुम्हाला तुमच्या रेशनकार्डाचे तरी माहीत आहेत का?’ मी गप्प. मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘वाईट वाटून घेऊ नका, पण मुलगा टाळाटाळ तर करत नाही ना? आम्ही रोज बघतो.’

ते वाक्य घेऊन मी घरी आलो आणि मुलीसमोर टाकलं. तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढून ठेवायची आणि खोलीत जायची. ४ लाख २६ हजारांत हे धरलेलं नाही.

मे महिन्यात ‘मंजुरीपत्र’ आलं. त्यावरचं राजचिन्ह फुटलेलं होतं, कुठून तरी छोटं चित्र उचलून मोठं केल्यावर कडा विरतात तसं. प्रेसमध्ये असं शीट हाताखाली आलं असतं तर मी क्षणभरही ठेवलं नसतं. मला दिसलं. मनात म्हटलं, हल्ली सगळं ईमेलनेच येतं, त्यात असं होत असेल. पत्र जीमेलवरून आलं होतं. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचा पत्ता तसा नसतो.

जूनमध्ये बायोमेट्रिकची तारीख मिळाली. एजंटने बंद पाकीट दिलं. काउंटरवरच उघडा, मधे हात लावू नका, कागद मागेपुढे होतात. पंचवटी एक्सप्रेसने मी आणि मुलगी निघालो. इगतपुरीला वडापाव घेतला. गाडी घाटात शिरली तेव्हा तिने पाकीट फोडलं. मी रागावलो. ती काही बोलली नाही, एकेक कागद वाचून माझ्या मांडीवर ठेवत गेली.

आधीच दाखल केलेल्या अर्जाची ती प्रत होती. अर्ज होता व्हिजिटरचा. पर्यटनासाठी, पंधरा दिवस. तिचा हुद्दा मार्केटिंग मॅनेजर, कुठल्या तरी कंपनीचं रजेचं पत्र जोडलेलं. ज्या बँकेत आमचं खातं नाही तिथला १८ लाखांच्या शिलकीचा दाखला. कॅनडात ओळखीचं कुणी आहे का, याला उत्तर ‘नाही’. एजंटचं नाव कुठेच नाही. कागदोपत्री हा सगळा अर्ज माझ्या मुलीने स्वतः भरलेला. ‘बाबा, यात खोटं बोलणारी मीच आहे,’ ती म्हणाली. बोगदे येत होते. दिवे लागलेले नव्हते बहुतेक, मला तिचा चेहरा मधूनमधूनच दिसत होता.

कल्याणला उतरलो. स्टेशनवरूनच तिने त्याला फोन लावला. तिकडे रात्रीचा एक वाजला असेल. त्याने उचलला. खोट्या माहितीबद्दल तिथे पाच वर्षांची बंदी बसू शकते, हे त्या दिवशी समजलं. पाच वर्षं तिने नवऱ्याकडे जायचं नाही, आणि कारण काय तर बापाचा हट्ट.

अर्जावर निकाल लागला नव्हता, तेवढं नशीब. हॅलिफॅक्समधल्या एका वकिलाने तो मागे घेतला आणि काय घडलं ते जसंच्या तसं लिहून खात्याकडे दिलं. त्या वकिलाकडूनच कळलेलं लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. कॅनडाच्या अर्जाचं काम पैसे घेऊन करायला तिथला वकील लागतो किंवा तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजचा (हे कॉलेज म्हणजे शाळा नव्हे, नियंत्रण ठेवणारी संस्था) परवानाधारक, आणि क्यूबेकमध्ये नोटरीही चालतो. परवानाधारकांची यादी कॉलेजच्या साइटवर कुणालाही बघता येते. आमच्या एजंटला परवाना विचारल्यावर त्याने एक नंबर दिला होता. तो नंबर खरा होता, माणूस दुसराच. जावयाने त्याला गाठलं. त्या बिचाऱ्याने नाशिकचं नावही ऐकलं नव्हतं.

व्हिजिटर अर्जाची सरकारी फी तेव्हा १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिकचे ८५ होती. तेव्हाच्या रुपयांत साधारण सव्वाअकरा हजार. म्हणजे आमच्या पहिल्या अकरा हजारांतच त्याचा सगळा खरा खर्च जवळजवळ भागला होता.

पोलिसांत तक्रार दिली. जुलैत नवी न्याय संहिता लागू झाली होती, पण आमचे पैसे त्याआधी गेलेले, म्हणून गुन्हा जुन्या ४२० खालीच. ‘काका, रोख कशाला दिले?’ हा प्रश्न तीन वेगवेगळ्या टेबलांवर ऐकला. बँकेतून गेलेल्या रकमेचा माग लागतोय. आतापर्यंत ४० हजार परत आले.

लग्न शेवटी मुलगी म्हणत होती तसंच झालं. नोव्हेंबरात तो आला. विशेष विवाह कायद्याला दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य लागतं, ते मुलीचं होतंच. नोटीस लावली, पुढचे तीस दिवस थांबलो. लग्नाला आडकाठी नसल्याचं त्याच्या सरकारचं पत्र त्याने येतानाच आणलं होतं. तीन साक्षीदार लागतात, तिसरा मीच झालो. कटकट म्हणतात ती एवढीच. स्पॉन्सरशिपचा, म्हणजे बायकोला बोलावून घेण्याचा अर्ज आता त्याने केलाय, सरकारी फी १,२०५ डॉलर भरली. त्यात मागे घेतलेल्या अर्जाची हकिगतही दिलीय. उत्तर यायचंय. मुलगी अजून आमच्याकडेच आहे.

त्या महिन्याभरात त्याने आमचा देव्हारा नवा करून दिला. एका संध्याकाळी कपाट आवरताना माझी ती फाइल त्याच्या हाती लागली. त्याच्या पासपोर्टच्या प्रती, कराचे कागद, कोर्टाचा निकाल, मी पेन्सिलने केलेल्या खुणा. त्याने पानं चाळली, एका खुणेवर बोट ठेवलं आणि मुलीला काहीतरी विचारलं. तिने मराठीत मला सांगितलं, ‘तो विचारतोय, माझी फाइल केलीत, एजंटची कुठेय?’

कॉलेज रोडचं ऑफिस बंद झालंय. पाथर्डी फाट्याकडे दुसऱ्या नावाने उघडलंय, गणपती आणि झेंडा तेच. आठवड्यातून दोनदा मी समोरच्या टपरीवर चहा घेतो. हातात फाइल घेतलेले आईबाप जिन्याकडे वळले की उठतो.