नोटरीचा करार की नोंदणीकृत करार?

जुळे सोलापुरात किंवा होटगी रोडला घर भाड्याने देता-घेताना एजंट बहुधा एकच वाट सुचवतो : स्टँप पेपरवर अकरा महिन्यांचा मजकूर, खाली नोटरीचा शिक्का, तासाभरात काम तमाम. दुसरी वाट दुय्यम निबंधकाकडे (सरकारी नोंदणी कार्यालयात) नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या कराराची.

पहिलीचा फायदा वेगापुरताच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी असून नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, मुदत अकरा महिन्यांची असली तरीही. आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर वाद उद्भवल्यावर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे अनेक मालकांच्या गावीही नसते.

खर्चाची भीतीही अवाजवीच म्हणावी लागेल. दरमहा ८,००० रुपये भाडे आणि ३०,००० रुपये अनामत असेल, तर अकरा महिन्यांचे भाडे ८८,००० व अनामतीवरील वार्षिक दहा टक्के दराने व्याज २,७५० धरून, ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क तीनशेच्या पुढे जात नाही. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. ऑनलाइन नोंदणीत आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या काम होते.

मुदत संपूनही घर रिकामे न झाल्यास याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाताना नोंदणीकृत करारच कामी येतो. भाडेकरूलाही अनामत परत मागताना तोच पुरावा असतो. मात्र नळाला पाणी न आल्यास टँकरचे पैसे कोणी द्यायचे, हे त्यात आवर्जून लिहून घ्यावे.