उगवण फसली तेव्हा : वाळवा तालुक्यातील एका कृषी सेवा केंद्राचा अनुभव

बियाण्याच्या दुकानाबद्दलचे मत बहुतेक जण बॅग हातात पडताच ठरवून टाकतात. दर काय लावला, उधारी मिळाली का, हवा तो वाण होता का, एवढे पाहिले की झाले. माझ्या मते दुकानाची खरी पारख पेरणीनंतर आठवडा-दहा दिवसांनी होते. वाळवा तालुक्यातील आमच्या बाजारपेठेतल्या या कृषी सेवा केंद्राबद्दल मी लिहितो आहे ते त्याच दिवसांच्या अनुभवावरून. गेल्या खरिपात येथून नेलेल्या सोयाबीनच्या बॅगांपैकी एका लॉटचे, म्हणजे एकाच क्रमांकाखाली भरलेल्या खेपेचे, बियाणे आमच्या रानात जवळपास उगवलेच नाही.

जमिनीत ओल पुरेशी असेल, तर सोयाबीनचे तास, म्हणजे रोपांच्या ओळी, आठवड्याच्या आत दिसू लागतात. शेजारच्या रानात ते लांबूनही ओळखू येत होते आणि आमच्याकडे हातभर अंतरावर एखादा कोंब होता. वडील सकाळी बांधावर जाऊन परत येत आणि घरात कोणी विषय काढत नसे. बियाणे, खत आणि टोकणीची (हाताने दाणे टोचून पेरण्याची) मजुरी यांचा हिशेब मांडता येतो. त्याहून जिव्हारी लागते ते हे, की आपल्याच हातून काहीतरी राहिले असे माणसाला वाटत राहते आणि येणारे-जाणारेही तसेच सुचवतात. दुकानात गेल्यावर ‘खोल टोकलं असणार’, ‘बीजप्रक्रियेचं औषध जास्त झालं असणार’ अशी तयार उत्तरे मिळाली, की आधीच खचलेला शेतकरी ती मान्य करून गप्प बसतो.

या केंद्राच्या मालकांनी असे एकही उत्तर दिले नाही. ते दुपारी स्वतः रानात आले आणि वडिलांना म्हणाले, “आबा, आधी उकरून बघू. दोष कुणाचा ते नंतर.” खुरप्याने त्यांनी ठिकठिकाणी माती बाजूला केली आणि प्रत्येक जागी दाणा कसा आहे ते आम्हाला दाखवले. दाणा कोरडा आणि टणक राहिला असेल तर ओल कमी पडली. कोंब फुटून वाकडा झाला असेल आणि वरच्या कडक थराखाली अडकला असेल तर पेरणीनंतरच्या जोराच्या पावसाने जमीन आवळली. दाणा पाच-सहा सेंटिमीटरवर सापडला तर तो खोल गेला, कारण सोयाबीन तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ नये. आमच्या रानात दाणे योग्य खोलीवर होते, फुगले होते आणि कोंब न फुटताच कुजले होते. पाणी साचल्यानेही असे होते, परंतु त्याच रानात, त्याच दिवशी, त्याच मजुरांनी टोकलेला दुसरा लॉट उत्तम उगवला होता. बॅगेच्या तळाशी उरलेले मूठभर बियाणे त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायला सांगितले. त्यालाही मोड आले नाहीत, तेव्हा संशयाला जागा उरली नाही.

त्या उकरण्याने रान हिरवे झाले नाही, पण वडिलांच्या मनावरचे ओझे तेथेच निम्मे उतरले. कारण कळल्यावर माणूस पुढच्या कामाकडे पाहू लागतो, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले. वडिलांनी तेथेच दुबार पेरणीचा विषय काढला.

परंतु दुबार पेरणी आणि सदोष बियाण्याची सरकारी तक्रार यांचे जमत नाही. पंचनामा होईपर्यंत रान मोडता येत नाही आणि जुलैचा मध्य उलटून पेरले की सोयाबीनचे उत्पादन घसरत जाते. या पेचात दुकानदाराची मदत फार मोलाची ठरली. त्यांनी त्याच दिवशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देण्यास आम्हाला मदत केली. लॉट क्रमांक लिहिलेली पावती, रिकामी बॅग, तिचे टॅग आणि उरलेले बियाणे हे सारे जपून ठेवायला लावले. तालुक्याच्या बियाणे तक्रार निवारण समितीने येऊन तासांतील रोपे मोजली आणि पंचनामा केला. पंचनामा झाल्यावर आम्ही रान कुळवले आणि कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात विकसित झालेला फुले संगम हा वाण टोकला. आपल्या भागात तांबेरा या रोगाची भीती असल्यामुळे त्याला बरा तोंड देणारा हा वाण मालकांनीच सुचवला होता. जेथे दुसरा लॉट होता तेथे केवळ नांग्या भरल्या, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागी पुन्हा दाणे टोकले.

भरपाईबद्दलही त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. कंपनीने बॅगा बदलून दिल्या; मजुरी आणि खत आमच्या अंगावर पडले. 1966 च्या बियाणे कायद्यात दोषी विक्रेत्याला किंवा उत्पादकाला शिक्षा आहे, पण शेतकऱ्याला नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोगाकडे जावे लागते. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. हा मार्ग बियाणे विकणाऱ्यानेच आम्हाला समजावून सांगावा, याचे मला फार अप्रूप वाटले.

दर इतरांसारखेच आहेत, पावती न मागता मिळते, आणि मृगाच्या गर्दीत तासभर थांबावे लागते.

तरीही दोन गोष्टी मला खटकतात. मे महिन्यात येणाऱ्या प्रत्येक लॉटचे शंभर दाणे मालक गोणपाटात ठेवून उगवण तपासतात आणि निकाल दुकानात लावतात. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के असावी लागते. त्यापेक्षा कमी भरलेला लॉट ते परत पाठवतात. आम्हाला मिळालेला लॉट मात्र जूनच्या धांदलीत उशिरा आला आणि न तपासताच विकला गेला. मालकांनी हे स्वतःहून सांगितले, याचा मी आदर करतो. पण तपासणी झाली नसेल तर ते बॅग देतानाच गिऱ्हाइकाला सांगायला हवे. दुसरी गोष्ट गोदामाची. सोयाबीनचे टरफल फार पातळ असते आणि आपटल्याने आतला कोंब दुखावतो, हे ठाऊक असलेल्या दुकानात हमाल गाडीवरून बॅगा खाली टाकताना दिसतात. वरचे छतही पत्र्याचे आहे आणि मेमधील उष्णतेने बियाण्याची उगवणशक्ती झपाट्याने खालावते. ही दोन्ही कामे मालकांच्या हातातली आहेत आणि मी त्यांना तसे सांगितले आहे.

यंदाचे बियाणे मी येथूनच घेणार आहे, मात्र मेमध्येच, निकाल लागलेल्या लॉटमधून, आणि पेरणीपूर्वी घरी पुन्हा एकदा गोणपाटात शंभर दाणे ठेवून.