ग्रास कटर ओव्हरफ्लो होतोय : किट टाकावं की कार्बोरेटरच बदलावा?

दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागला, प्लग काढला तर ओलाचिंब, आणि सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास. इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जातंय, म्हणजेच ओव्हरफ्लो. इथवर आलात की दुकानदार दोन गोष्टी पुढे करतो : डायफ्रामचं किट (कार्बोरेटरमधला पातळ पडदा, सुई, लिव्हर असे सुटे भाग), नाहीतर कोरा कार्बोरेटर. मी दोन्हींवर पैसे घालून पाहिलेत, एकाच टू-स्ट्रोक मशीनवर, एकाच पावसाळ्यात. काम देवगडकडच्या हापूस कलमांखालच्या बेणणीचं, म्हणजे गवत काढायचं.

खर्च करण्याआधी एक शहानिशा करा. चोक लावलेला विसरून दोरी ओढत राहिलात तर धडधाकट कार्बोरेटरही इंजिन पेट्रोलने भरून टाकतो. प्लग बाहेर, त्याची वायर लांब, चोक उघडा, थ्रॉटल पूर्ण दाबलेला, अशी आठ-दहा वेळा दोरी मारा. प्लग पुसून बसवा. मशीन चालू झालं आणि परत ओलं झालं नाही, तर चूक आपली होती.

माझ्याकडे तसं नव्हतं. सकाळी सावलीत मशीन छान चालायचं, दुपारी उन्हात पाच मिनिटं ठेवलं की संपलं. टाकीचं झाकण जरा सैल केलं तर बरं वागायचं. म्हणजे तापलेल्या टाकीतला दाब पेट्रोल पुढे ढकलत होता आणि ते अडवणारी सुई थकली होती. गॅरेजवाल्याने आधी 'फ्लोट अडकलाय' म्हणून निदान केलं. त्याचा हात बाइकवर बसलेला. कोणत्याही कोनात धरायच्या या मशीनमध्ये फ्लोट नसतोच, सगळा कारभार डायफ्राम, लिव्हर आणि सुईचा.

किट मला ₹150 ला पडलं. काम किचकट, हे मान्य. लिव्हरखालची स्प्रिंग तांदळाच्या दाण्याएवढी. माझी उडून पडवीत गेली आणि अर्धा तास बॅटरी घेऊन शोधली. दुसऱ्यांदा कार्बोरेटर परातीत ठेवून उघडला. जुनी सुई मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून बघितली तर रबरी टोकावर गोल वळ स्पष्ट उमटलेला. सुईची बैठक कापसाच्या काडीने पुसली. तिथे तार घालू नका. किटमधली लिव्हर जुनीपेक्षा किंचित वाकडी वाटली, म्हणून जुनीच परत बसवली. उघडण्यापूर्वी तिच्या उंचीचा फोटो काढून ठेवला होता, तो इथे उपयोगी पडला. लिव्हर उंच राहिली तर नवी सुई घालूनही ओव्हरफ्लो होतो, खाली गेली तर इंजिन पेट्रोलला तरसतं. लिव्हरच्या बाजूला आधी गॅस्केट, मग डायफ्राम. हा क्रम पहिल्या वेळी माझा चुकला होता.

नवा कार्बोरेटर ₹650, बसवायला वीस मिनिटं. दोन बोल्ट, दोन नळ्या, थ्रॉटलची केबल, झालं. ओव्हरफ्लो त्याच क्षणी बंद. पहिले दोन दिवस मी भेटेल त्याला हेच करा म्हणून सांगत होतो.

मग ते पातं. थ्रॉटल सोडला की मशीन बंद पडायचं, म्हणून आयडलचा, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरचा वेग ठरवणारा स्क्रू थोडा आत घेतला. आता मशीन बंद पडेना, पण वेग वाढल्याने क्लच धरायचा आणि पातं फिरत राहायचं. एका कलमाखालून दुसऱ्याकडे जाताना, गवतात दडलेला चिरा चुकवताना, खाली वाकून गुंतलेली वेल काढायच्या विचारात असताना ते आपलं गरगरतंच आहे. खरा इलाज म्हणजे कमी वेगाच्या मिश्रणाचा स्क्रू थोडा फिरवणं. पण त्याचं डोकं इंग्रजी डी अक्षरासारखं; माझा एकही स्क्रूड्रायव्हर बसेना, तालुक्यातल्या दोन दुकानांत तसा पाना मिळेना. कामाला येणारा मुलगा तिसऱ्या दिवशी म्हणाला, "काका, याचं पातं थांबतच नाही, मी कोयत्याने करतो." त्याच संध्याकाळी जुना कार्बोरेटर किट नीट बसवायला परातीत घेतला.

कदाचित मला मिळालेला नगच तसा असेल. ज्यांच्याकडे तो पाना आहे त्यांना माझं म्हणणं पटणार नाही. आणि जुन्या कार्बोरेटरची थ्रॉटलची दांडी खिळखिळी झाली असेल, आत पाणी राहून पांढरा गंज धरला असेल, तर किट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. तिथे सरळ नवा घ्या, फक्त दुकानातच स्क्रूचं डोकं बघून घ्या. एरवी, बॉडी ठणठणीत असेल तर मी किटकडे झुकेन. जुन्याचं ट्यूनिंग इंजिनला सरावलेलं असतं, ते हलवावं लागत नाही.

हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं, आणि अशा मिश्रणात महिनोन्‌महिने बुडून राहणं जुन्या डायफ्रामला मानवत नाही. त्यामुळे काम संपलं की मी टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. किट टाकल्याला दुसरा हंगाम चालू आहे, दुपारच्या उन्हातही दोन-तीन दोऱ्यांत चालू होतं. नवा कार्बोरेटर बिस्किटाच्या डब्यात पडून आहे. कोणाकडे डी आकाराचा पाना असेल तर घेऊन जा.