बीटाची चाचणी: एक दिवस सभागृहात की पंधरवडाभर घरबसल्या?

लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये येते. तिच्या बीटाची, म्हणजे अंतिम आवृत्तीआधी तपासणीसाठी येणाऱ्या रूपाची, मराठीतून चाचणी नागपुरात घडवून आणायची असेल, तर एकतर सर्वांना एका सभागृहात दिवसभर बसवावे लागते, नाहीतर कामांचा सामायिक तक्ता करून ज्याने त्याने पंधरवडाभर आपल्या घरी तपासायचे असते. मी दोन्ही करून पाहिले आहे.

घरबसल्या चाचणीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. निरनिराळे प्रिंटर, जुने संगणक आणि रोजच्या वापरातले खरे दस्तऐवज तपासले जातात. शिवाय सभागृहाची कटकट नसते, आणि नागपुरात ती लहान नाही: फेब्रुवारीच्या आवृत्तीची पूर्वचाचणी डिसेंबरच्या आसपास येते, तेव्हा हिवाळी अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते अडलेले असतात, ऑगस्टच्या आवृत्तीची जूनमध्ये, तेव्हा कूलरशिवाय बसवत नाही.

तरीही माझे मत फिरले ते एका त्रासामुळे. घरून आलेल्या दोषाच्या नोंदीत आवृत्ती, फॉन्ट, कीबोर्ड यांपैकी काहीतरी हमखास राहून जाते. बगझिला या दोष नोंदवण्याच्या संकेतस्थळावर कोणीतरी सौजन्याने विचारणा करतो आणि नोंद ‘माहिती हवी’ या स्थितीत जाते. तोवर नोंदवणाऱ्याचा उत्साह ओसरलेला असतो, पत्रांना उत्तर येत नाही, आणि काही महिन्यांनी ती नोंद पुरेशा माहितीअभावी बंद होते. दोष खरा होता की नव्हता, हे शेवटपर्यंत कळत नाही.

सभागृहात हा प्रश्न जागच्या जागी सुटतो. ‘वऱ्हाड’ हा शब्द दस्तऐवजात दिसतो, पण शोधल्यावर सापडत नाही, अशी एकाची तक्रार होती. शेजारच्याने स्वतः टंकून पाहिले, तर त्याला सापडला. दोघांचे कीबोर्ड ताडून पाहिल्यावर उलगडा झाला: एकाने ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडला होता, तर दुसऱ्याने साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घातले होते. पडद्यावर रूप एकच, आत अक्षरे वेगळी. पत्रव्यवहारात हे उकलायला किती दिवस गेले असते, कोण जाणे. दुसऱ्या व्यक्तीने पडताळल्याशिवाय नोंद सहसा पुढे सरकत नाही, आणि इथे ती दुसरी व्यक्ती बाजूच्याच खुर्चीत असते. नोंद इंग्रजीत लिहायला बिचकणाऱ्यालाही मदत मिळते.

सभागृहाची अडचण म्हणजे सगळे जण लेखनाचा रायटरच उघडून बसतात, म्हणून हिशेबतक्त्यांचा कॅल्क आणि सादरीकरणाचा इम्प्रेस आधीच वाटून द्यावेत. इन्स्टॉलरही पेनड्राइव्हवर आणावा. सभागृहाच्या वायफायवर विसंबू नये. बीटा नेहमीच्या आवृत्तीशेजारी स्वतंत्र बसतो, त्यामुळे लोकांना आपल्या लॅपटॉपवर घ्यायला हरकत वाटत नाही.

तुमचे स्वयंसेवक चंद्रपूर, गोंदियापर्यंत विखुरलेले असतील, तर कदाचित तुमचा कौल वेगळा पडेल. मीही रिलीज कँडिडेट, म्हणजे बीटानंतरचे अखेरच्या टप्प्यातील जवळजवळ अंतिम रूप, घरीच तपासायला देतो, कारण तेव्हा रोजचे काम त्यावर निभते का एवढेच पाहायचे असते, आणि ते एका दिवसात समजत नाही.