पौषातले खच्चीकरण: शिंगरासाठी घेतलेल्या घरपोच पशुवैद्यकीय सेवेचा अनुभव

आर्वी तालुक्यात वरातीसाठी घोडे पाळणाऱ्या आमच्या घराने यंदा दीड वर्षाच्या शिंगराचे खच्चीकरण तालुक्याच्या गावी खाजगी व्यवसाय करणाऱ्या एका पशुशल्यचिकित्सकांकडून करून घेतले. या सेवेबद्दल सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, शस्त्रक्रिया कधी करावी हे ठरवण्याचे काम त्यांनी शस्त्रक्रियेइतक्याच काळजीने केले. आपल्याकडच्या घोडेवाल्यांमध्ये याविषयी इतके समज रूढ आहेत की, त्यांतले कोणते निरुपद्रवी आणि कोणते जनावराच्या जिवावर बेतणारे, हे जाणकार माणसाने समोर बसून सांगण्याची गरज असते.

डॉक्टरांनी सुचवलेला महिना पौष होता आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना नेमका तोच नको होता. ‘पौषात जनावराले हत्यार लावू नये’ हे आजोबांचे म्हणणे; पौर्णिमेच्या आसपास रक्त उसळते, ही त्याला जोडलेली दुसरी भीती. डॉक्टरांनी आजोबांना उडवून लावले नाही. ‘बाबाजी, पौषात थंडी असते, माश्या कमी असतात, वावर कोरडं असतं आणि लग्नं नसल्यामुळे घोड्याला कामही नसतं, जखम भरायला याहून चांगला महिना मला दाखवा,’ असे ते म्हणाले. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तर पावसाळ्यात चिखल आणि माश्या यांमुळे उघड्या जखमेत अळ्या पडतात, हे प्रत्येक घोडेवाल्याने पाहिलेले आहे. रक्त थांबणे हे चंद्रावर नव्हे, तर रक्तवाहिनी किती नीट चेचली जाते यावर अवलंबून असते, हेही त्यांनी स्पष्ट केले. तरीही संक्रांत आणि दुसऱ्या दिवशीची कर टाळून वद्य पक्षातला दिवस द्यावा, ही आजोबांची विनंती त्यांनी लगेच मान्य केली, कारण तिने जनावराचे काहीच बिघडणार नव्हते.

वयाच्या बाबतीत मात्र ते ठाम राहिले. लवकर खच्ची केले तर घोडा खुरटतो, हा समज त्यांनी खोडून काढला. उलट अशा घोड्याच्या पायांच्या हाडांची वाढ थोडी उशिरा थांबते आणि तो किंचित उंच होऊ शकतो. मान भरत नाही, हे म्हणणे खरे आहे, कारण अंडील, म्हणजे खच्ची न केलेल्या, घोड्याची जाड मान हा नर संप्रेरकाचाच परिणाम असतो. वरातीला मान दिसायला हवी म्हणून तीन-चार वर्षे थांबणारे लोक आमच्या ओळखीचे आहेत. पण तोवर घोड्याला चावण्याची आणि घोडी पाहिली की उधळण्याची सवय जडते, आणि ती पुढे खच्ची करूनही पुरती जात नाही. बँडच्या गोंगाटात, पाठीवर नवरदेव आणि सभोवती लहान मुले असताना असा घोडा नको, हे माझे स्पष्ट मत आहे. एकदा घोडी दाखवून मगच खच्ची करावे, हा सल्ला तर मला सर्वांत घातक वाटतो.

बैलाला लावतात तो चिमटाच लावा, असा आग्रह शेजारच्या काकाजींनी धरला होता. घोड्यासाठी तो चिमटा योग्य नाही, असे सांगून डॉक्टरांनी अंडाची शीर आधी चेचून मग कापणारे वेगळे अवजार वापरले. काम कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, न करता गव्हाच्या स्वच्छ कुटारावर (भुशावर), उघड्यावर झाले, कारण शेणामुतात धनुर्वाताचे जंतू असतात आणि घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. आदल्या रात्रीपासून चारा बंद होता. शिंगराला गुंगीचे आणि मग भुलीचे इंजेक्शन देऊन आडवे केले. दोन्ही अंडे पिशवीत उतरलेली आहेत, याची हाताने चाचपून खात्री केल्यावरच पाते लावले. अवजार शिरेवर दाबून ते बराच वेळ तसेच धरून बसले आणि शेवटी काढलेली दोन्ही अंडे स्टीलच्या ताटलीत ठेवून ती अखंड असल्याचे आम्हाला दाखवले. ही ताटली दाखवणे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटले. एक अंड आत राहिले तर घोडा अंडीलासारखाच वागतो आणि मालक वर्षभर नशिबाला दोष देत बसतो.

जखम शिवलेली नव्हती, हे पाहून घरची मंडळी धास्तावली. आतले पाणी वाहून जावे म्हणून ती मुद्दाम उघडी ठेवतात. तिच्यात हळद, चुना किंवा राख भरायची नाही, अशी सक्त ताकीद मिळाली आणि ती योग्यच होती. पहिला दिवस विश्रांती, दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटे चालवणे, असा क्रम होता. बांधून ठेवले तर लवकर बरे वाटेल, हा समज इथे उलटा पडतो, कारण न चालणाऱ्या घोड्याची सूज वाढत जाते. थेंब थेंब रक्त गळले तर घाबरायचे नाही, पण धार लागली किंवा जखमेतून काही लोंबताना दिसले तर क्षणभरही न थांबता फोन करायचा, हे त्यांनी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळे समजावले.

उणिवाही आहेत. या सगळ्या सूचना तोंडी होत्या. त्या मराठीत छापलेल्या कागदावर मिळाल्या असत्या, तर रात्री घोड्याजवळ बसणाऱ्या गड्याला आधार झाला असता. गाडीखर्च वेगळा लागतो, हे फी ठरवतानाच सांगायला हवे होते. सोबत एकच मदतनीस असल्यामुळे दोर धरायला घरची धट्टीकट्टी माणसे लागतात. ज्यांच्याकडे ती नाहीत, त्यांनी हे आधीच विचारून घ्यावे.

ज्या शिंगराचे एक अंड पोटातच राहिले आहे, त्याचे काम ते वावरात करत नाहीत आणि नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतात. 1958 पासूनच्या या संस्थेत मोठ्या शस्त्रक्रियेची सोय आहे. खच्ची केल्यावरही दोन महिने शिंगराला घोडीपासून दूर बांधावे लागते, त्यामुळे घरात घोडी असणाऱ्यांनी जागेची व्यवस्था आधी करावी. पौषात त्यांच्याकडे गर्दी असते, म्हणून दिवाळी होताच त्यांच्याशी बोलून ठेवावे. धनुर्वाताच्या लसीचे पहिले दोन डोस महिन्याच्या अंतराने द्यायचे असल्यामुळे पहिला डोस तुळशीच्या लग्नाच्या सुमारास आणि दुसरा मार्गशीर्षात टोचून घेतला, तर पौषातला दिवस हाती राहतो.