दीड लिटरची स्टीलची केटल: चांगली, पण सदोष निघाली तर बदलून घेताना लक्ष ठेवा

१५०० वॉटच्या साध्या स्टीलच्या केटलमध्ये बिघडण्यासारखं तसं फार काही नसतं. तळाला पक्की बसवलेली कॉइल, तिच्याखाली कंट्रोल, हँडलपाशी बटण आणि खाली बेस. रोजच्या चहा-कॉफीला, गरम पाण्याला उत्तम वस्तू. पण सदोष नग निघाला की दुकानात एक ठरलेला प्रकार घडतो: काउंटरवरचा माणूस केटल बेसवर ठेवतो, बटण दाबतो, दिवा लागतो आणि तो म्हणतो, "चालू आहे की!"

दिवा लागला म्हणजे केटल धड आहे असं नाही. बहुतेक केटलमध्ये हा दिवा कॉइलला समांतर जोडलेला असतो, त्यामुळे कॉइल तुटलेली असली तरी तो झकास लागतो. म्हणून दोष घरीच नेमका पकडायचा आणि काउंटरवर तोच दाखवायचा.

सगळ्यात गंभीर दोष म्हणजे उकळी आल्यावर केटल बंद न होणं. बटणाजवळ दोन धातूंची एक छोटी चकती असते. उकळत्या पाण्याची वाफ आतल्या भोकातून तिच्यापर्यंत पोहोचते, तापलेली चकती टक्कन उलटी वळते आणि बटण वर येतं. म्हणजे केटल बंद होते ती वाफेमुळे. झाकण उघडं असेल तर चांगली केटलही उकळत राहील, आणि दुकानदार पहिला प्रश्न हाच विचारेल. तेव्हा झाकण खटकन लावून, पाणी मिन आणि मॅक्स या खुणांच्या मध्ये ठेवून बघा. खळखळून उकळी फुटल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात बटण वर आलं नाही तर नग सदोष समजा. झाकणाच्या कडेने वाफेचा झोत येत असेल तर खरा दोष झाकण नीट न बसण्यात असू शकतो. तोही बदलून मागण्याजोगाच.

याच्या उलट, उकळीआधीच बंद पडणारी केटल. इथे बहुधा तळातलं संरक्षण, म्हणजे पाणी नसताना केटल तापली तर वीज तोडणारा भाग, अवेळी वीज तोडत असतो. थंड झाला की तो पुन्हा जोडला जातो, म्हणून दुकानात पोहोचेपर्यंत केटल साळसूदपणे चालू होते. अशा वेळी "पाणी भरून पूर्ण उकळवून दाखवा" एवढंच म्हणायचं आणि तिथून हलायचं नाही.

गळती ओळखायला कोरडा वर्तमानपत्राचा कागद पुरतो. मॅक्सपर्यंत गार पाणी भरून तासभर कागदावर ठेवा, मग उकळवून, बेसवरून उचलून पुन्हा ठेवा. स्टील आणि प्लॅस्टिक उष्णतेने सारखं फुगत नाही, त्यामुळे काही केटल फक्त गरम असतानाच गळतात. ओल पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पारदर्शक पट्टीखाली आहे का ते पाहा. ही पट्टी या वस्तूतली सगळ्यात कच्ची जागा. बेसवर दोन-चार थेंब दिसले तर मात्र घाई नको. काही मॉडेलमध्ये वाफेच्या नळीत जमलेलं पाणी मुद्दाम खालून सोडलेलं असतं.

"उशिरा उकळते" ही तक्रार घेऊन जाण्याआधी हिशेब करा. दीड लिटर पाणी २५ अंशांवरून १०० वर न्यायला १५०० वॉटवर सव्वापाच मिनिटं लागतात, उष्णता वाया जाते ती धरून सहाच्या आसपास. घरी २३० ऐवजी २०० व्होल्ट येत असतील तर ताकद जवळजवळ पाव हिश्श्याने घटते आणि तीच केटल आठ मिनिटं घेते. दुकानात व्होल्टेज पूर्ण असेल तर तिथे ती वेळेत उकळेल आणि आपण खोटे पडू.

तळावरचा पांढरा थर, इंद्रधनुषी किंवा तांबूस डाग म्हणजे पाण्यातले क्षार. सायट्रिक ॲसिड टाकून उकळलं की जातात. उकळीआधीची घरघर बुडबुडे फुटण्याची. यांसाठी कोणी केटल बदलून देणार नाही, आणि देऊही नये. प्लग काळा पडला असेल तर आधी स्वतःचं सॉकेट बघा: २३० व्होल्टला ही केटल साडेसहा अँपिअर खेचते, सहा अँपिअरच्या सैल सॉकेटमध्ये ती लावलीत तर चूक आपली. हाताला झिणझिण्या येत असतील तर मात्र तपासत बसू नका, लगेच प्लग काढा.

नेताना केटल कोरडी करा आणि बेस न विसरता न्या, कारण दोष बेसमधल्या गोल कड्यांमध्येही असू शकतो. खालचे स्क्रू अजिबात खोलू नका, खुणा दिसल्या की वॉरंटी गेली. बिल, शिक्का असलेलं कार्ड, खोकं, आणि तळाच्या सीरियल नंबरपासून सुरू होणारा, मध्ये न तोडलेला, दोष दाखवणारा व्हिडिओ सोबत न्या. मागणी एका वाक्यात: "उकळल्यावर बंद होत नाही, बदलून द्या." "ठेवून जा, दुरुस्त करून देतो" याला गळक्या किंवा बंद न होणाऱ्या केटलच्या बाबतीत माझा सरळ नकार आहे, सील एकदा उचकटलं की पहिल्यासारखं बसत नाही.

बदली नग देताना खोक्यावरचा उत्पादन महिना बघा. सदोष केटल ज्या लॉटमधली, त्याच लॉटमधली दुसरी शक्यतो घेऊ नका. दुसरं मॉडेल चालणार असेल तर पारदर्शक पट्टी नसलेलं मागा. नवी केटल काउंटरवरच पाणी भरून उकळवायला लावा, सहा मिनिटं थांबावं लागलं तरी चालेल. मग तिचा सीरियल नंबर जुन्या बिलावर लिहून, तारीख आणि शिक्का घ्या. वॉरंटी आजपासून की पहिल्या खरेदीपासून, तेही त्याच बिलावर लिहून घ्या.