२१०० की ३००० : वहिनीच्या प्रश्नावरून (विधानसभा निवडणुकीआधी, नोव्हेंबर २०२४)

वहिनीने काल फोनवर विचारलं, भाऊजी, २० तारखेला विधानसभेचं मतदान आहे, बायकांना महिना महायुतीवाले २१०० म्हणतायत, मविआवाले (महाविकास आघाडी) ३०००, मग हिशोब सोपाच की. एवढा सोपा नाहीये वहिनी, म्हणून लिहितोय.

सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० सध्या येतायत, जुलैपासूनचे पाच हप्ते मिळून ७५०० दिवाळीच्या आधीच जमा झाले (तुझं आधार बँकेला लिंक नव्हतं म्हणून तुला चकरा पडल्या, ते सोड). त्याचे २१०० करू म्हणतायत. मविआची महालक्ष्मी ३००० ची, वर बसप्रवास पूर्ण फुकट, आत्ता एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. आकड्यात मविआ पुढे आहे. पण १५०० साठीच वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद करावी लागली, तेवढ्याच बायकांना ३००० द्यायचे तर सरळ दुप्पट, आणि तिजोरी तर तीच आहे ना राव.

शेतीचं थोडक्यात. कर्जमाफी दोघंही म्हणतायत, मविआ ३ लाखांपर्यंत आणि नियमित फेडणाऱ्याला ५० हजार, महायुती शेतकऱ्याचा वर्षाचा सन्मान निधी १२ चा १५ हजार करणार. दादाने सोसायटीचं कर्ज दरवर्षी मार्चच्या आत भरलंय, त्यामुळे आपल्या घरात कर्जमाफीपेक्षा ते ५० हजारच कामाचे.

आता नोकरी, म्हणजे खरं तर आपल्या बंटीचा विषय. तो ग्रॅज्युएट, सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महिना १० हजारावर एका ऑफिसात बसतो, दिवसभर झेरॉक्स आणि एक्सेलमध्ये नावं भरणं, सहा महिने झाले की संपलं. महायुती २५ लाख रोजगार म्हणतेय आणि १० लाख विद्यार्थ्यांना महिना १० हजार विद्यावेतन, पण विद्यावेतन म्हणजे नोकरी नव्हे हे बंटीला विचार. मविआ बेरोजगाराला महिना ४००० पर्यंत म्हणतेय, त्यात तर काम पण नाही, पुण्यात कॉट बेसिसवर राहून क्लास लावणाऱ्या पोराचं त्यात मेसचं बिल जेमतेम निघेल. त्यांचं मला पटलेलं एकच, अडीच लाख सरकारी रिक्त पदं भरू म्हणतात, कारण ते मोजता येतं, जाहिरात निघाली की नाही ते पोरांना लगेच कळतं. २५ लाख रोजगार कोण मोजणार, रिक्षा घेतली तरी रोजगारच.

म्हणजे महिन्याचे पैसे बघायचे तर आत्ता हातात येतायत ते १५०० मला जास्त भरवशाचे वाटतात, बंटीकडे बघून मत द्यायचं तर पदभरतीवाले. दादाला विचारू नकोस, तो उमेदवाराची जातच सांगेल.